गतिरोधकाचा धनी कोण?

गतिरोधकावर आदळून वाहनाचे नुकसान झाले तर ते कोणी भरून द्यावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. दुष्काळ, बेकारी आणि कापसाचा भाव यांच्या चर्चेत त्याला स्थान मिळणे कठीणच. परंतु सार्वजनिक कामातील चुकीचा भुर्दंड शेवटी कोणाच्या खांद्यावर पडतो, हा सार्वजनिक अर्थव्यवहारातील एक मूलभूत प्रश्न आहे, आणि रस्त्यावरील हातभर उंचवटा त्याचे उत्तर एखाद्या जाडजूड अहवालापेक्षा अधिक स्पष्टपणे देतो. म्हणून त्याचा गंभीरपणे विचार करणे अगत्याचे आहे.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली ज्या मोझरीत गुरुकुंज आश्रम स्थापन केला, ते तिवसा तालुक्यातील गाव नागपूर-अमरावती महामार्गालगत वसलेले आहे. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणून ओळखला जाणारा हा रस्ता आज क्रमांक ५३ म्हणून ओळखला जातो आणि गुजरातेतील हाजिऱ्यापासून ओडिशातील पारादीपपर्यंत पोचतो. देशाच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याकडे माल वाहून नेणारे अवजड ट्रक आणि शेतावर निघालेला मजूर, शाळेला जाणारी मुले, पुण्यतिथी महोत्सवाला पायी येणारे गुरुदेवभक्त ही सर्व मंडळी एकाच परिसरातील रस्त्यांवर एकमेकांना सामोरी येतात. महामार्गाला वेग हवा असतो, गावाला जीव हवा असतो. महामार्गालगतच्या प्रत्येक गावात हा विरोध आहे, आणि या विरोधातूनच गतिरोधक जन्माला येतो.

त्याच्या जन्माची कथा बहुधा ठरलेली असते. गावातील एखादे मूल वाहनाखाली सापडते. त्यापूर्वी ग्रामपंचायतीने केलेले अर्ज कोठल्या तरी कार्यालयातील फाइलीत विसावलेले असतात. संतप्त गावकरी रस्ता रोखतात. पोलीस येतात, तहसीलदार येतात, आश्वासन दिले जाते, आणि दोन दिवसांत घाईघाईने डांबराचा अथवा सिमेंटचा एक ढिगारा रस्त्यावर आडवा टाकला जातो. कित्येकदा तेवढीही वाट न पाहता गावकरी स्वतःच मुरूम आणि सिमेंट आणून रातोरात काम उरकतात. त्याचा आराखडा नसतो, लेखी आदेश नसतो, पुढे सूचनाफलक नसतो, वर पांढरे पट्टे नसतात. असा गतिरोधक रस्त्यावर असतो. कागदावर मात्र तो नसतो.

आता असे समजू या की भाड्याने चालणारी एक छोटी मोटार चार माणसे घेऊन, त्यांतील एक आजारी म्हातारी, अमरावतीच्या जिल्हा रुग्णालयाकडे निघाली आहे. वेळ संध्याकाळची, रस्ता ओळखीचा; पण गतिरोधक परवाचा. चालक सावकाशच जात आहे. पुढची चाके उंचवटा ओलांडतात आणि मोटारीचे पोट त्यावर घासते. ऑइल चेंबर फुटते, तेल रस्त्यावर सांडते. चेंबरची दुरुस्ती, टोइंगचे भाडे, दुसऱ्या गाडीचे पैसे आणि त्यानंतर गाडी गॅरेजात उभी असेतो बुडालेली रोजची कमाई हा सारा खर्च त्या चालकाचा. सावकाराचा अथवा बँकेचा हप्ता काही त्या आठवड्यासाठी थांबत नाही.

चालकाने दाद मागावयाची ठरविली तर ती कोणाकडे? आपल्याकडे रस्त्यांनाही वर्णव्यवस्था आहे. राष्ट्रीय महामार्ग प्रामुख्याने राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, राज्य महामार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, आणि गावातील अंतर्गत गल्ल्या ग्रामपंचायतीकडे. टोलच्या रस्त्यावर यात ठेकेदार कंपनीची भर पडते. रस्त्याच्या डाव्या अंगाला उभे राहिले तर एकाची हद्द, वळण घेतले की दुसऱ्याची. प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखविते आणि अखेरीस सर्वांचे एकमत होते ते एकाच उत्तरावर: ‘तो गतिरोधक आमचा नव्हे, गावकऱ्यांनी टाकला.’ उद्‌घाटनाच्या पाटीवर नाव कोरून घेण्यासाठी ज्या रस्त्याला अर्धा डझन धनी असतात, त्याच रस्त्यावर नुकसान झाले की तो बेवारशी ठरतो.

या बोटे दाखविण्याच्या खेळातून बाहेर पडावयाचे असेल तर आधी गतिरोधक म्हणजे काय हे समजून घेतले पाहिजे. ही वस्तू अडाणी अंदाजाने करावयाची नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने गतिरोधकांसंबंधी १९८८ मध्ये मार्गदर्शक मानके प्रसिद्ध केली आणि २०१८ मध्ये ती सुधारली. १९८८ च्या मानकानुसार गतिरोधक हा दुय्यम रस्त्यांसाठी आहे. त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची, वाहनाच्या दिशेने त्याची रुंदी ३.७ मीटर आणि मध्यभागी उंची अवघी १० सेंटिमीटर. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वाहनाला तो सुखाने ओलांडता यावा, हा त्या आकारामागील हेतू. त्याच्या ४० मीटर आधी सूचनाफलक असावा आणि त्यावर काळे-पांढरे पट्टे असावेत, हेही तेथेच सांगितले आहे. राष्ट्रीय महामार्गांवर तर गतिरोधक नसावेतच, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१६ मध्ये कळविले.

या आकड्यांमागे साधे भूमितीचे तत्त्व आहे. छोट्या मोटारीच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर साधारण अडीच मीटरच्या आसपास असते. गतिरोधक ३.७ मीटर रुंद असला तर चारही चाके काही क्षण त्याच्या पाठीवर असतात. वाहन सबंध वर चढते आणि सबंध खाली उतरते. परंतु तोच उंचवटा हातभर रुंद आणि वीतभर उंच केला, तर पुढची चाके पलीकडे उतरलेली आणि मागची अजून अलीकडेच, अशा अवस्थेत मोटारीचे पोट त्याच्या कण्यावर टेकते. येथे वेगाचा प्रश्नच उरत नाही. मुंगीच्या पावलाने गेले तरी पोट घासणारच. आणि गाडीत माणसे जितकी अधिक, तितके ते अधिक घासणार.

जबाबदारी ठरविण्याची कसोटी येथेच सापडते. मानकाप्रमाणे बांधलेला, रंगविलेला व फलक लावलेला गतिरोधक असूनही कोणी ताशी साठ किलोमीटर वेगाने त्यावर आदळला, तर ती चूक चालकाची. त्याने दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवू नये. परंतु जो गतिरोधक सावकाश जाणाऱ्या वाहनाचेही नुकसान करतो, तो मुळात गतिरोधकच नव्हे. तो रस्त्यावर टाकलेला अडथळा होय, आणि त्याची भरपाई रस्त्याच्या धन्याने द्यावी. गतिरोधक योग्य आकाराचा आहे, पण फलक व पट्टे नाहीत, अशा वेळी दोघांचाही वाटा धरता येईल. आणि तो ढिगारा कोणी टाकला हा प्रश्न रस्त्याच्या धन्याला जबाबदारीतून सोडवू शकत नाही. गावकऱ्यांनी टाकला असेल, तर तो दिवसचे दिवस तेथे राहू कसा दिला, याचे उत्तर रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच द्यावयाचे आहे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. मोटारवाला म्हणजे सुखवस्तू माणूस. त्याचे चेंबर फुटले तर गरिबांच्या कैवाऱ्यांनी अश्रू का ढाळावेत? हा आक्षेप वस्तुस्थितीच्या अज्ञानावर उभा आहे. उंच, भक्कम आणि महागड्या गाड्या कसलाही उंचवटा सहज ओलांडून जातात. मोडते ती जुनी, ठेंगणी, माणसांनी भरलेली भाड्याची मोटार. पाटे तुटतात ते हप्त्यावर घेतलेल्या मालवाहू टेम्पोचे. आणि जिवालाच मुकतो तो मोटारसायकलवाला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०१५ या एका वर्षात गतिरोधकांवरील अपघातांत देशभर ३,४०० हून अधिक माणसे दगावली, म्हणजे दिवसाला सरासरी नऊ. माणसे वाचविण्यासाठी उभारलेल्या वस्तूने रोज नऊ माणसे मारावीत, याहून मोठी विसंगती ती कोणती? तुटलेले वाहन हा त्याच दोषाचा पहिला, सौम्य इशारा असतो. त्याची नोंद घेतली तर पुढचा मृत्यू कदाचित टळेल.

शासनाने नागरिकाच्या नुकसानीची जबाबदारी घ्यावी ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १८६१ साली कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयात एक दावा चालला. खिदिरपूरच्या सरकारी गोदीतील मजूर लोखंडाचा एक अवजड तुकडा सार्वजनिक रस्त्यावरून नेत असता तो त्यांच्या हातून पडला. त्या आवाजाने एका घोडागाडीचा घोडा बुजला आणि जखमी झाला. गाडी होती पेनिन्शुलर अँड ओरिएंटल या आगबोट कंपनीची. गोदी चालविणे हे राज्यकर्तेपणाचे काम नव्हे, ते कोणीही खाजगी माणूस करू शकेल असे काम आहे, म्हणून त्यातील निष्काळजीपणाची भरपाई सरकारने दिली पाहिजे, असा निर्णय सर बार्न्स पीकॉक यांनी दिला. रस्त्यावर झालेल्या वाहनाच्या नुकसानीचाच हा खटला होता, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. परकीय राजवटीत एका आगबोट कंपनीला जो न्याय मिळाला, तो प्रजासत्ताकात भाड्याच्या मोटारीच्या चालकाला मिळू नये काय?

१९६५ च्या कस्तुरीलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सार्वभौम अधिकारांच्या नावाखाली शासनाला मोठे अभय दिले, हे खरे. परंतु रस्ता रंगविणे आणि फलक रोवणे यात सार्वभौमत्व ते कसले? शिवाय त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा कोसळून झालेल्या मृत्यूंच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरले. रस्त्यालगतची वास्तू सुस्थितीत ठेवणे हे ती ज्याच्या ताब्यात आहे त्याचे कर्तव्य आहे, आणि ती कोसळली हाच निष्काळजीपणाचा सकृद्दर्शनी पुरावा होय, हे तत्त्व त्या निर्णयामागे होते. रस्त्यालगतच्या मनोऱ्याला जो न्याय, तोच रस्त्यावरच्या उंचवट्याला लावण्यास तर्काची कोणतीही अडचण नाही.

अडचण आहे ती कायदेमंडळाच्या दृष्टीत. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ घालण्यात आले. रस्त्याचा आराखडा, बांधणी व देखभाल मानकांनुसार न केल्यास संबंधित अधिकारी यंत्रणा, ठेकेदार अथवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पाऊल योग्य दिशेने पडले. पण ते फारच तोकडे आहे. त्या दोषामुळे मृत्यू अथवा अपंगत्व आले तरच हे कलम लागू होते, आणि दंडाची रक्कम जाते ती शासनाच्या निधीत. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे व उघडी मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई देण्याचा आदेश दिला. सुस्थितीतील रस्ते हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचा भाग आहे, ही भूमिका त्या न्यायालयाने पूर्वीच घेतली होती. हा आदेश स्वागतार्ह आहे. परंतु खड्डा म्हणजे रस्त्याचा खाली गेलेला दोष आणि सदोष गतिरोधक म्हणजे रस्त्याचा वर आलेला दोष. एकाला भरपाई आणि दुसऱ्याला मौन, हा भेद टिकणारा नाही. तसेच ज्या माणसाचे पोट वाहनावर चालते, त्याचे वाहन मोडणे ही त्याच्या जगण्यावरच झालेली जखम आहे.

इंग्लंडमध्ये १९८० च्या महामार्ग कायद्याने हा प्रश्न फार सुटसुटीतपणे सोडविला आहे. नियमांत बसणारा उंचवटा हा रस्त्याचाच भाग मानावा, अडथळा मानू नये, असे संरक्षण त्या कायद्याने यंत्रणेला दिले. याचाच अर्थ, नियमाबाहेरच्या उंचवट्याला ते संरक्षण नाही. जी यंत्रणा मानक पाळते तिला अभय, जी पाळत नाही तिला ते नाही, इतका साधा व्यवहार आहे. आपल्याकडे मानक आहे, पण ते मोडले तर काय याचे उत्तर नाही. म्हणून ते पाळण्याची कोणाला निकडही नाही.

विमा आहेच की, असेही सांगितले जाते. पण कायद्याने सक्तीचा विमा आहे तो केवळ दुसऱ्याच्या हानीचा. स्वतःच्या वाहनासाठी वेगळा हप्ता भरावा लागतो, आणि जुन्या भाड्याच्या वाहनांचे मालक नेमका तोच वाचवितात. ज्यांनी भरला त्यांनाही सुरुवातीची ठराविक रक्कम स्वतःच सोसावी लागते आणि दावा केला की पुढील वर्षाची सवलत जाते. चेंबर फुटल्यावर गाडी तशीच पुढे दामटली आणि इंजिन जाम झाले, तर तो परिणामस्वरूप तोटा म्हणून बहुधा नाकारला जातो. अर्थात विमा तोटा वाटून घेतो. तो चुकीची जबाबदारी ठरवीत नाही. गतिरोधक जेथल्या तेथे राहतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचे चेंबर फोडतो.

अर्थशास्त्रातील एक जुने सूत्र येथे उपयोगी पडते: जो अल्प खर्चात नुकसान टाळू शकतो, त्याच्यावरच ते भरण्याचा भार टाकावा, म्हणजे तो ते टाळील. एक फलक, दोन डबे रंग आणि आकार तपासण्याचे एक लाकडी माप यांचा खर्च, त्या जागी मोडणाऱ्या वाहनांच्या दुरुस्तीपुढे किरकोळ आहे. तरीही तो होत नाही. कारण दुरुस्तीचा खर्च शेकडो अनोळखी माणसांच्या खिशातून जातो आणि कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. नोंदणीच्या वेळी कर, इंधनावर उपकर आणि मोटारीच्या बाबतीत टोल, असे तीनदा पैसे मोजलेल्या नागरिकाकडून हा चौथा, अलिखित कर वसूल केला जातो. पैशाचे अथवा यंत्रसामग्रीचे दारिद्र्य याच्या मुळाशी आहे असेही नाही. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर अमरावती ते अकोल्याच्या दरम्यान ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून जागतिक विक्रम नोंदविण्यात आला. ज्या वऱ्हाडात हा पराक्रम घडू शकतो, तेथे गतिरोधकावर पांढरा पट्टा मारण्यास मनुष्यबळ मिळत नाही, ही सबब कोणी ऐकून घ्यावी?

उरतो प्रश्न गावकऱ्यांचा. रातोरात गतिरोधक टाकणारांवर सार्वजनिक मार्गात अडथळा आणल्याचा गुन्हा दाखल करणे सोपे आहे. भारतीय न्याय संहितेत तशी तरतूदही आहे. परंतु ज्या गावाचा अर्ज वर्षभर वाचला गेला नाही, त्याला गुन्हेगार ठरविणे हा अन्याय होईल. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेतून गावाच्या स्वावलंबनाचा आणि श्रमदानाचा विचार मांडला. त्या विचाराचा आधार घेऊन शासनाने आपले कर्तव्य गावावर ढकलावे, हा त्याचा विपर्यास आहे. गावाने श्रम द्यावेत. पण महामार्गाच्या वेगाशी आपल्या मुलांच्या जिवाचा हिशेब गावाने एकट्याने मांडावा, अशी अपेक्षा करता येणार नाही. गावकरी आणि वाहनचालक हे येथे परस्परांचे शत्रू नाहीत. एकाला सुरक्षित रस्ता हवा आहे, दुसऱ्यालाही तोच हवा आहे. आणि जो तो देऊ शकतो, तो दोघांच्या भांडणात नामानिराळा राहतो.

म्हणून काही मागण्या स्पष्टपणे पुढे ठेवल्या पाहिजेत. तालुकानिहाय गतिरोधकांची नोंदवही असावी. प्रत्येकाला क्रमांक असावा आणि फलकावर जबाबदार कार्यालयाचे नाव असावे. ग्रामसभेने गतिरोधकाची मागणी केल्यास तीस दिवसांत लेखी, सकारण निर्णय द्यावा. अर्ज फाइलीत पडून राहिला तर त्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर निश्चित व्हावी. महामार्गालगतच्या गावांना गतिरोधकाऐवजी भुयारी मार्ग, सेवा रस्ते व पादचारी पूल मिळावेत. नोंदवहीत नसलेला अथवा मानकाबाहेरचा गतिरोधक आढळला आणि त्यावर वाहनाचे नुकसान झाले, तर चूक रस्त्याच्या धन्याची असे गृहीत धरावे. चालक बेफाम होता हे सिद्ध करण्याचा भार धन्यावर असावा. लहान रकमांच्या दाव्यांचा निकाल तालुक्याच्या ठिकाणीच लागावा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस देऊन, वकील करून, वर्षानुवर्षे तारखा मोजणे चेंबर फुटलेल्या चालकाला परवडणारे नाही.

कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसण्याचे मात्र कारण नाही. गतिरोधकाचे छायाचित्र घ्यावे, उंची व रुंदी मोजावी, फलक व पट्टे आहेत की नाहीत हे टिपून ठेवावे, गॅरेजची पावती जपावी. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली त्या गतिरोधकाच्या मंजुरीचा आदेश मागावा; आदेश नाही असे लेखी उत्तर आले, तर तेच पुराव्याचे काम करील. टोलचा रस्ता असेल तर पैसे घेऊन दिलेल्या सेवेतील त्रुटी म्हणून ग्राहक आयोगाचे दार ठोठावता येते. केरळातील पालियेक्करा टोलच्या प्रकरणी ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, रस्ता वाहतुकीच्या लायकीचा नसताना टोलवसुली थांबविणारा उच्च न्यायालयाचा आदेश कायम ठेवला, हे या संदर्भात ध्यानात ठेवावे. एकट्या चालकाने हे केले तर तो वेडा ठरेल. तालुक्यातील चालक, ग्रामपंचायत आणि ज्या घरातील माणूस त्या रस्त्यावर गेला ते घर, या सर्वांनी मिळून केले तर कार्यालयाला उत्तर द्यावेच लागेल. रस्ता सर्वांचा असेल, तर त्यावरील चुकीची किंमत एकट्याने मोजावयाची नाही.